शुक्रवारच्या मॅडम

"जाऊ नको आत," वीरेश म्हणाला. "ऐक माझं, सृष्टी. जाऊ नको."

विद्यापीठातल्या विद्यार्थी मदत कक्षाच्या दाराबाहेर बाकावर तो बसला होता, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. सृष्टीचे गाईड अमरनाथ सर, त्यांचा हा लाडका विद्यार्थी. सरांची गाडी धुणार हा, सरांच्या सासूबाईंना दवाखान्यात नेणार हा, आणि वर पीएचडीही करणार. त्याला बघूनच सृष्टीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सरांनी पहाऱ्याला बसवलं का रे तुला? कोण कोण तक्रार करून राहिलंय ते बघायला?"

"तसं न्हाई गं..."

एवढ्यात दार उघडलं. "ये ना बेटा, उभी का?" समुपदेशक मॅडम म्हणाल्या. वीरेशनं मान खाली घातली आणि पिशवीचे बंद आवळत बसला. बस म्हणावं असाच, असं मनात म्हणत सृष्टी आत गेली.

येणं भागच होतं. हरभऱ्याच्या मर रोगावरचा तिचा प्रबंध तयार होऊन टेबलावर धूळ खात होता. अडली होती ती सरांची सही. महिनाअखेर सही झाली नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत मातीत. सही म्हटलं की सर हसायचे. "बघू की. घाई कसली? लग्न ठरलंय का तुझं?" त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याच्या पत्रिका तिच्याकडून वाटून घ्यायला मात्र घाई होती. तिच्या शोधनिबंधावर स्वतःच्या भाच्याचं नाव पहिलं टाकायला तर त्याहून घाई. याला म्हणायचं संशोधन!

देगलूरला अव्वाला, म्हणजे तिच्या आईला, यातलं काही कळत नव्हतं. सर म्हणजे तिला देवमाणूस. मागच्या दिवाळीला तिनं खास सरांसाठी शेंगदाण्याची चटणी उखळात कुटून दिली, तीही आपल्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यात. आपल्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. सरांच्या घरून साखर सोडा, डबाच आला नाही. दारात कामवाली आली, डबा घेतला, दार लावलं. बाईसाहेब तर विद्यार्थ्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. "मिसेस नोकरीला लातूरला असतात," एवढंच सर सांगायचे.

अव्वा फोनवर विचारायची, "डबा आणलीस का गं? माझ्या आप्पानं नाव घालून दिलेला हाय."

आता सही मागायची का डबा?

"पाणी घे आधी," मॅडम म्हणाल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आवाज मऊ. त्या बाहेरगावाहून दर शुक्रवारी यायच्या. विद्यापीठातल्या कुणाशी यांचं घेणं ना देणं, असं कक्ष सुरू झाला तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं. "मी काही लिहून घेत नाही. इथलं इथंच राहतं. बोल."

सृष्टी बोलली. आधी हॉस्टेलच्या पाण्याचं, मग मेसच्या जेवणाचं. मॅडम ऐकत राहिल्या. कुणी मधे न बोलता ऐकून घेतंय, हेच तिला इतकं नवीन होतं की तिचा बांध फुटला. सही, साखरपुडा, शोधनिबंध, झोप न येणं, गोदावरीच्या पुलावर उभं राहिल्यावर मनात आलेलं. सगळं सांगून ती हमसून हमसून रडली. मॅडम उठून आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"कोण सर हे?"

सृष्टीनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच परत ठेवला.

"नाव कळल्याशिवाय मी कुणाशी काय बोलणार, बेटा?"

खरंच होतं ते. सृष्टीनं पदरचं सगळं धाडस गोळा केलं.

"अमरनाथ सर."

पाठीवरचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला, सावकाश.

"तुझ्या एकटीलाच त्रास, की अजून कुणाला?"

"माझ्यासोबतच्या पुनमला पण, मॅडम. ती तर सगळं सोडून हिमायतनगरला घरी जाते म्हणते. पण तिनं सरांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलंय."

"फोनमध्येच आहे की अजून कुणाला पाठवलंय?"

"फोनमध्येच. घाबरते हो ती."

"बरं झालं सांगितलंस."

सृष्टीनं डोळे पुसले. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. आज अव्वाला फोन करायचा आणि खोटं न हसता बोलायचं, असं तिनं ठरवलं.

दारावर टकटक झाली. वीरेश आत आला. "मॅडम, जेवण," एवढंच म्हणून त्यानं कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि सृष्टीकडं न बघता निघून गेला. घ्या! इथंही याची चमचेगिरी पोचली, सृष्टीला वाटलं.

"मी निघते, मॅडम. तुमची जेवायची वेळ झाली."

"बस गं. रडून रडून दमली असशील, दोन घास खाऊन जा." मॅडमनी पिशवीतून कडक भाकरी काढली, वाटीतलं वरण काढलं, सगळ्यात शेवटी एक छोटा डबा काढला. "ही चटणी खाऊन बघ. कुठून आली होती कोण जाणे, पण ती संपल्यापासून आम्ही तशीच घरी कुटतो. आमच्या ह्यांना हिच्याशिवाय घास उतरत नाही."

त्यांनी झाकण उलटं करून त्यात चमचाभर चटणी वाढली आणि तिच्या हातात दिलं. बोटांना खालून काहीतरी खरबरीत लागलं, म्हणून सृष्टीनं झाकण वर धरून पाहिलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: सौ. लक्ष्मीबाई गुरुपादप्पा, देगलूर.