चिन्नोरचा वास
वाघानं झाडावर मूत्र फवारलं की तिथे चिन्नोर तांदूळ शिजल्यासारखा वास येतो. मनकर्णाला तो लांबूनच कळायचा. म्हणून मोहफुलं वेचायला जाताना बायका आधी तिला हवा हुंगू द्यायच्या. कोरोनात तिला वास येणं थांबलं, ते कायमचं. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांचा हंगाम बुडाला असता. आजही जंगलाच्या तोंडाशी तिनं नाक वर केलं. "चला वो, काई नाई." भद्रावतीहून आलेली तिची नवी सून मयुरी वेचत वेचत पुढच्या झाडामागे गेली आणि हसत ओरडली, "आई, इथी चिन्नोर कोण शिजवून राह्यलं? मले तं भूकच लागली!" "मयुरी, मांगं फिर!" मनकर्णा किंचाळली. बायका आरडाओरडा करत धावल्या, तेव्हा झाडाखाली टोपली तेवढी होती. मनकर्णानं ती उचलून ओल्या मोहफुलांत तोंड खुपसलं. त्यांचाही वास आला नाही.