तोफ गप्प होती

घमेलं तिने तिसऱ्यांदा फरशीवर आपटलं आणि अंगणातल्या तिपाईकडे तोंड करून ती ओरडली, “घे, मोज हे!”

तिपाईवर फोमची टोपी घातलेला माईक होता. घरामागच्या टेकाडावर कंपनीला पवनचक्की उभी करायची, तर आधी जवळच्या घरापाशी आवाज मोजायचा, असा नियम होता. म्हातारीला ती मोजणीच उधळून लावायची होती. गावात तिला तोफ म्हणत, ते उगीच नाही. ती बोलायला लागली की पलीकडच्या आळीतले लोक रेडिओ बंद करत. काही वैतागून, काही ऐकायला.

“आजी, तुम्ही कंपनीचंच काम करताय,” मोजणीवाली पोरगी म्हणाली. “भांडी आपटलेली मी गाळीन. पण तुमचं रोजचं बोलणं गाळता येत नाही. इथे मुळातच गोंगाट असला, तर पवनचक्कीचा पंखा जवळ आणायला परवानगी मिळते. शांतता असली, तर लांब न्यावा लागतो.”

घमेलं म्हातारीच्या हातात तसंच राहिलं. टेकाडाकडच्या खोलीत तिचा नवरा अंथरुणाला खिळून होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला रात्री झोप म्हणून लागत नव्हती. दुपारी काय तो डोळा लागे. टेकाडावर तो पंखा घरघरायला लागला, तर तेवढंही सुख जाणार होतं. त्या झोपेसाठी ती अख्ख्या कंपनीशी भांडायला तयार होती. पण गप्प बसून? असलं भांडण तिने जन्मात केलं नव्हतं.

तिने घमेलं अलगद खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

कंपनीचा साहेब जेवण आटोपून आला, तो ही शांतता बघून चपापलाच. तोफेच्या भरवशावर तर त्याने हे टेकाड निवडलं होतं. त्याने खडा टाकून पाहिला. तिच्या शेळ्यांना नावं ठेवली. स्वयंपाकघरात डोकावून नाक मुरडलं. म्हातारीचे ओठ थरथरले, पण उघडले नाहीत.

“आजोबांना आता पंखा काय आणि वारा काय,” शेवटी तो म्हणाला. “त्यांना कुठे काय कळतंय?”

रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जिभेवर उत्तरांची रांग लागली होती आणि एकेक उत्तर असं, की साहेबाने गाव सोडलं असतं. तिने गुडघे घट्ट धरले आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मान त्यालाच वळवावी लागली.

आत मात्र खाट सारखी कुरकुरत होती. म्हाताऱ्याला आज झोप का येत नाही, ते तिला कळेना. एवढी शांतता तर या घराने कधी पाहिली नव्हती.

उन्हं कलली तेव्हा पोरीने आकडे पाहिले आणि माईक उतरवला.

“टेकाड बाद,” ती साहेबाला म्हणाली. “पंखा ओढ्यापलीकडे न्यावा लागेल.”

साहेब तणतणत गाडीकडे निघाला. म्हातारी त्याची वाट अडवून उभी राहिली.

“यंत्र बंद झालं?” तिने पोरीला विचारलं.

“झालं, आजी.”

“बसा, साहेब,” ती म्हणाली. “आता माझं ऐका.”

आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. साहेब निमूट ओट्यावर टेकला. तिचा आवाज टिपेला पोचला, तशी आतल्या खाटेची कुरकुर थांबली. म्हाताऱ्याला झोप लागली होती.