अप्पा किती?

"बेबी ऑफ तनया! अप्पा यारु?" काचेचं दार अर्धवट उघडून सिस्टरने विचारलं.

बाकावरचे पुरुषोत्तम इनामदार उठले. कराडला सगळा गाव त्यांना अप्पा म्हणतो. तमिळमध्ये अप्पा म्हणजे बाप आणि यारु म्हणजे कोण, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. थेट तमिळ मुलखातल्या वेलचेरीच्या हॉस्पिटलापर्यंत आपलं नाव पोचलेलं पाहून त्यांना फारसं नवलही वाटलं नाही.

सिस्टरने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं. हल्ली लग्नं उशिरा होतात. शिवाय तिला सवड नव्हती. आत काचेच्या पेटीत, दिवस भरायच्या आधीच जन्मलेली त्यांची नात रडून रडून दमत होती आणि दमली की श्वास घ्यायचं विसरत होती. तिची आई वरच्या मजल्यावर तापाने फणफणलेली. बाप, म्हणजे अप्पांचा अनिकेत, बायकोसाठी रक्ताची बाटली आणायला गेलेला.

"चट्टै," म्हणत सिस्टरने बटणं काढायची खूण केली. "बेबीला चेस्टवर. स्किन टु स्किन."

अप्पांनी शर्ट काढला. मग बनियनही. त्यांचं उघडं अंग आजवर घराबाहेर फक्त कृष्णेच्या घाटाने पाहिलं होतं. सिस्टरने त्यांना आरामखुर्चीत रेलून बसवलं आणि नळ्यांसकट तो जीव त्यांच्या छातीवर पालथा ठेवला. वरून चादर घातली. मुलीचं टोपडं त्यांच्या हनुवटीला टेकलं.

अप्पा हलले नाहीत. सगळी नोकरी वीज मंडळात गेलेली. मॉनिटरकडे ते मीटरकडे बघावं तसं बघत राहिले. ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. थांबला. मग हळूहळू चढायला लागला. रडण्याची नुसती कुरकुर झाली, आणि तीही विरली.

तेवढ्यात हात धुऊन, गाऊन चढवून अनिकेत आत आला. सिस्टरने त्याला अडवलं.

"यू?"

"बेबीचा अप्पा."

"देन हू इज ही?"

अनिकेतने खुर्चीकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. "ते... अप्पा."

"हाऊ मेनी अप्पा?" सिस्टर म्हणाली. उत्तराची तिला गरज नव्हती. तिने अनिकेतच्या शर्टाकडे बोट दाखवलं. आईचा ताप उतरेपर्यंत हे रोज करावं लागणार होतं, आणि ते बापाला शिकून घ्यावं लागणार होतं.

अनिकेत जागचा हलला नाही. त्यांच्या घरात वडिलांसमोर आपलं पोर उचलून घ्यायची रीत नव्हती. अप्पांनी ती कसोशीने पाळली होती. अप्पांचे वडील चांगले दीर्घायुषी निघाले. ते गेले तेव्हा अनिकेतला मिसरूड फुटलेली, आणि मग उचलून घेणं दोघांनाही शोभलं नसतं.

"तुमच्यापाशीच राहू द्या, अप्पा. निजलीय ती," अनिकेत म्हणाला. "मी बाहेर थांबतो."

"शर्ट काढ."

"तुमच्यासमोर कसं..."

"माझ्यादेखतच घे," अप्पा म्हणाले. "मी अजून पुष्कळ जगणार आहे. तेवढं थांबायला तिला सवड नाही."

अनिकेतने शर्ट काढला. सिस्टरने मुलीला उचललं, तशी तिने हातपाय ताठ केले. ती अनिकेतच्या छातीवर आली तरी अंग सैल सोडेना. आकडा घसरला. मशीन टुंग टुंग करायला लागलं. अनिकेत पाठ ताठ करून बसला होता, आणि श्वास त्याने स्वतःचाच कोंडून धरला होता.

अप्पा त्याच्या मागे उभे होते, शर्ट अजून हातातच. त्यांनी तो खाली टाकला आणि मुलाच्या उघड्या पाठीवर तळवा ठेवला. नुसता ठेवला नाही, टेकवला.

"दमानं," ते म्हणाले.

आधी अनिकेतचा श्वास खाली बसला. मग तिचा.