कुंपणावरची रांग

मारलेले कावळे कुंपणाच्या तारेला उलटे टांगले, की बाकीचे फिरकत नाहीत, असा रानाचा राखणदार एमॉस थ्रपचा अनुभव होता. नेदरकोम वस्तीतल्या सहाही घरांना ती रांग शोभेची वाटे.

सोमवारी सकाळी रांगेत त्याचा कुत्रा होता. गळा चिरलेला, गाठ मात्र एमॉसच्याच पद्धतीची.

“एमॉसराव, रात्री जरा जास्त झाली वाटतं?” पबवाला पिम खिदळला.

मंगळवारी कुत्र्याशेजारी पिम होता. हसू तेवढं शाबूत होतं.

“हेटी, आतून कडी लाव,” एमॉसनं बायकोला बजावलं आणि बंदूक घेऊन तो कुंपणाशी बसला. दुपारपर्यंत तिकडे चिटपाखरूही आलं नाही.

“अहो, चहा निवतोय, या ना!” मागून हेटीचा आवाज आला.

एमॉस वळला. घराचं दार सताड उघडं होतं. हेटीचे पाय चौकटीला वर बांधलेले होते, गळा चिरलेला होता आणि केस उंबरा झाडत होते.