धायरीकडे वळवलेलं विमान

सुदर्शनने कॉम्प्युटरवरचं भलंमोठं प्रवासी विमान धायरीकडे वळवलं. जगभर उडता येत असलं तरी माणूस आधी स्वतःची सोसायटीच वरून बघतो.

"वैमानिकसाहेब, मी गच्चीवर कुरडया घालतेय. उतरलात की पातेलं घेऊन या," असं म्हणत बायको, उत्कर्षा, वर गेली.

सोसायटी दिसल्यावर त्याने ऑटोपायलटची दिशा बदलली. दिशेचा आकडा आपोआप मागे फिरला. त्याने पुन्हा बदलली, आकडा पुन्हा फिरला. विमान खाली येऊ लागलं.

स्क्रीनवर त्यांची गच्ची आली. गच्चीवर पिवळ्या ड्रेसमध्ये उत्कर्षा वाकून कुरडया घालत होती.

त्याने वायरच उपटली. स्क्रीन काळी झाली. इंजिनाचा आवाज मात्र वाढतच गेला.

वरून उत्कर्षा ओरडली, "अहो, हे विमान वळत का नाहीये?"