पियानोचं वय

"पट्टीवर साल कोरलंय की, काका. एकोणीसशे अडतीस. तेच लिहा आणि मोकळे व्हा," ज्ञानेश म्हणाला.

उद्धवरावांनी चष्मा पुसला. झाकणाच्या आतल्या अंगाला पितळेची पट्टी होती. मुंबईच्या कुठल्याशा दुकानाचं नाव आणि खाली साल.

"हे दुकानातून विकल्याचं साल. पियानो जन्मला कधी ते वेगळं."

"पण अडतीस म्हणजे शंभराच्या आत बसतं ना?"

सगळं घोडं तिथंच अडलं होतं. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर जाऊ देत नाहीत. ज्ञानेश बायको स्वप्नाली आणि पोरांसह टोरांटोला राहत होता. वडील गेल्यापासून आई निगडी प्राधिकरणातल्या या बंगल्यात एकटी, म्हणून तो तिला कायमची न्यायला आला होता. इंदुताईंनी अट घातली होती एकच. माझा पियानो आला तर मी येते, नाहीतर नाही. लेकानं ती मान्य केली. चाकणच्या पॅकिंगवाल्यांनी लाकडी खोकं आणून फाटकात उभंही केलं होतं. एरवी ती माणसं मशिनं बांधायची. पियानो बघून त्यांनी विचारलं होतं, "साहेब, ह्याची मोटर कुठं आहे?"

राहिला होता तो वयाचा दाखला. त्यासाठी जन्मभर पियानो दुरुस्त करणाऱ्या उद्धवरावांना पुण्याहून बोलावलं होतं.

इंदुताई चहा घेऊन आल्या. मागोमाग त्यांनी एक बुटकं स्टूल आणून पियानोशी ठेवलं, त्यावर बॅटरी ठेवली.

"कमरेला त्रास नको तुमच्या. आणि दमानं बघा. हा घाई करेल, तुम्ही करू नका. जे असेल तेच लिहा."

उद्धवरावांना बाई आवडल्या. स्वतःचं नुकसान होईल की काय याचा विचार न करता खरं सांगा म्हणणारी माणसं त्यांनी फार पाहिली नव्हती.

इंदुताई परत जाऊन बरणीच्या तोंडाला फडकं बांधू लागल्या. खोलीत मोहरीचा वास होता.

"आई, एवढं लोणचं? खाणार कोण इथं वर्षभर?"

"हात सवयीनं चालतात रे."

खिडकीशी आम्रपाली उभी होती. ती चाकणच्या कारखान्यात माल तपासायची. पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या शर्टातच आली होती. तिच्यासारखी आणखी काही पोरंपोरी इथं पियानो शिकायला यायची, आणि इंदुताई कुणाकडून फी घेत नव्हत्या. उद्धवराव जवळून गेले तशी ती हळूच म्हणाली, "काका, जुना निघू दे हां. बाई गेल्या तर आमचं संपलंच."

"ए आम्रपाली, लाच देतेस काय त्यांना?" ज्ञानेश म्हणाला.

"दादा, माझ्या पगारात चहापण येत नाही. लाच कुठली!"

उद्धवराव हसले आणि कामाला लागले. आधी वाजवायच्या पांढऱ्या पट्ट्या पाहिल्या. हस्तिदंताच्या, म्हाताऱ्या दातांसारख्या पिवळसर, आणि प्रत्येक पट्टी दोन तुकडे जोडून केलेली. सांध्याची रेघ नखाला लागत होती. मग पाय पाहिले, तारा पाहिल्या. पियानो घडवणाऱ्या कारखान्याचं नाव अर्धं उडालं होतं, पण ओळखता येत होतं, आणि गावाचं नाव शाबूत होतं. जर्मनीतलं लाइपझिग. पिंपरीतल्या एका कंपनीचा परदेशी साहेब मायदेशी परतला, तेव्हा इंदुताईंच्या यजमानांनी त्याच्याकडून हा पियानो घेतला होता.

आता नंबर हवा होता. ते स्टुलावर बसून तारांखाली वाकले, बॅटरी लावली. आतल्या लोखंडी चौकटीवर धुळीचा जाड थर होता. नंबर मात्र लख्ख दिसला. तेवढी बोटभर जागा कुणीतरी पुसलेली. पॉलिशवाल्यानं पुसली असेल, त्यांना वाटलं. आपले कष्ट वाचले.

त्यांनी फोनवर त्या कारखान्याचे नंबर काढले, सालं जुळवली. पुन्हा जुळवली.

मान वर केली तेव्हा इंदुताई पियानोची कड घट्ट धरून उभ्या होत्या. बोटं पांढरी पडली होती. उद्धवरावांनी दाखल्याचा कागद पुढं ओढला. एका आकड्यानं या माउलीची आणि लेकाची ताटातूट होणार होती. पितळी पट्टीवरचं साल लिहून टाकलं तर कोण तपासणार होतं? त्यांनी पेन उघडलं. पण बाईच म्हणाल्या होत्या, जे असेल तेच लिहा.

"अठराशे सत्त्याण्णव," ते म्हणाले. "पुढं कित्येक वर्षांनी मुंबईत विकला गेला असणार."

ज्ञानेश खुर्चीत बसला. "म्हणजे जात नाही."

"नाही जात."

"आई, तू तरी चल. तिकडं नवा घेऊ."

"अट म्हणजे अट, बाळा." इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला.

त्यानं खिडकीतून फाटकातल्या खोक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. दर डिसेंबरात आम्हीच येतो. स्वप्नाली कधीची म्हणतेय, पोरांना आजी फक्त फोनमध्ये माहीत आहे."

"या. महिनाभर राहा."

तो पॅकिंगवाल्यांना परत पाठवायला फाटकाकडे गेला. आम्रपाली स्टूल ओढून बसली आणि परवाचा अडलेला धडा पहिल्यापासून वाजवू लागली. यावेळी ती अडली नाही.

उद्धवरावांनी पिशवी आवरली. जाता जाता इंदुताईंपाशी थांबले.

"माफ करा, ताई. माझ्या दाखल्यानं तुमचं जाणं मोडलं."

इंदुताईंनी डोळ्यांवरचा पदर काढला. डोळे कोरडे होते. लोणच्याची एक बाटली त्यांनी उद्धवरावांच्या हातात दिली आणि पियानोच्या आवाजाखाली हळूच म्हणाल्या, "त्या नंबरावरची धूळ मीच पुसली होती, गेल्या दिवाळीत. साल कळलं, मगच अट घातली."