टॉलीगंजच्या पुढे

“मग, सरनं ना तुन्हं भुयार?” झुलालने ओसरीवरून विचारले.

देवचंद पायांवर पाणी घेत होता. कलकत्त्याहून जळगावपर्यंत आगगाडी, पुढे एरंडोलची एस.टी. आणि शेवटी गावापर्यंत पायवाट. या सगळ्या प्रवासाचा शीण त्याच्या पोटऱ्यांत उतरला होता. थोरल्या भावाच्या प्रश्नावर त्याने आणखी एक तांब्या पायांवर ओतला. आत त्यांची आई, रुक्माबाई, सूप पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. उद्या घरात श्रावणातली कानबाई देवी बसणार होती. आज तिच्या प्रसादाच्या रोटांचे गहू घ्यायचे होते.

“टीव्हीवर दाखाडं आम्हले,” झुलाल म्हणाला. “इस्टेशन कितलं चकचकीत शे! आपला तलाठीना घरमा बी तशी फरशी नही. पण कितला वरीस लागनात, भाऊ! आमना शेतमाना उंदीर बी तुमनापेक्षा जल्दी खंदतस.”

देवचंद हसला. हसणे सोपे होते. बोलणे अवघड होते.

कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेवर तो काँक्रीट ओतणाऱ्या टोळीत गेला, तेव्हा मिशी नुकती फुटली होती. पहिला तुकडा एस्प्लनेडहून भवानीपूरपर्यंत सुरू झाला. मग गाडी टॉलीगंजला पोचली. मधल्या शहराची आतडी मात्र वर्षानुवर्षे उघडी राहिली. पावसाळ्यात खणलेले भरून जाई, हिवाळ्यात पुन्हा उपसावे लागे. दर श्रावणात तो घरी येई, आणि आता तिकडेच कशाला राहतोस, असे आईने विचारले की म्हणे, “माय, काम बाकी शे.” तेव्हा ते खरे होते.

पुढे श्यामबाजारच्या मागच्या गल्लीत मजुरांना भात रांधून घालणारी मालती त्याच्या आयुष्यात आली. तिची जात न विचारता त्याने तिच्याशी लग्न केले. गावात तोच पहिला प्रश्न आला असता. पहिल्या वर्षी वडील अंथरुणाला खिळलेले होते, म्हणून त्याने लग्नाचे सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी वडील नव्हते. आईचे मोकळे कपाळ पाहून तो विषय त्याने पुढे ढकलला. तिसऱ्या वर्षी, दोन वर्षे का लपवले, हेही सांगावे लागले असते. एवढ्यात मूल झाले. घरचे विचारीत, लग्न कधी करतोस? तो पुढचे स्टेशन सांगे.

आणि एके दिवशी भुयाराची दोन्ही टोके एकमेकांना भेटली. दमदमपासून टॉलीगंजपर्यंत सलग गाडी धावली. मुकादमाने संदेश ही बंगाली मिठाई वाटली, माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. देवचंद मिठाई हातात धरून उभा राहिला. त्याच्याजवळचे शेवटचे कारण त्या दिवशी संपले होते.

या खेपेला खरे सांगायचे, असे ठरवूनच तो गाडीत बसला होता. नागपूर मागे पडले तोवर त्याने दुसरे वाक्य जुळवले होते.

“सरनं नही, नाना,” तो आता म्हणाला. “टॉलीगंजना पुढे वाढावणार शेतस. आनखी काही वरीस लागतीन.”

“घ्या,” झुलाल म्हणाला. “समुद्र लागस तठलोंग खंदा आते.”

देवचंद उंबरठ्याशी जाऊन बसला. खोटे बोलून मोकळे वाटेल, असे त्याला वाटले होते. वाटले नाही. पुढच्या श्रावणातही असेच बसायचे, या विचाराने तो आणखीच थकला.

रुक्माबाईंनी सूप पुढे ओढले. त्यांनी गव्हात हात घातला. घरातल्या प्रत्येक पुरुषाचे नाव घ्यायचे आणि त्याच्या वाट्याचे सव्वा मूठ गहू सुपात सोडायचे, ही रीत. त्याच पिठाचे रोट व्हायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला कणही द्यायचा नाही. देवचंद निघे तेव्हा आई त्याच्या वाट्याचा रोट फडक्यात बांधून देई.

“झुलाल,” त्या पुटपुटल्या. गहू सुपात पडले.

“अभिमन.” हा झुलालचा मुलगा.

“देवचंद.”

आपले नाव ऐकून त्याने मान खाली घातली. इतक्या दूर राहूनही या सुपात त्याची जागा शाबूत होती. ज्याचे असणेही इथे कुणाला ठाऊक नव्हते, त्या लेकराची आठवण त्याला झाली.

रुक्माबाईंनी आणखी एक मूठ भरली.

“माय, व्हयनात ना बठ्ठा,” झुलाल म्हणाला. “आते कोणी मूठ?”

त्यांनी झुलालकडे पाहिले नाही. “देवा,” त्या म्हणाल्या, “मागला साले निंघताना तू मले इचारं, रोट दूधमा भिजाडी दिधा ते चालस का. आठवस?”

देवचंदने मान हलवली.

“तुन्हा दात ते चांगला शेतस,” रुक्माबाई म्हणाल्या. “आनि बाहेरना माणूसले तू रोट देणार नही, इतलं मी तुले वळखस. वरीसभर वाट देखी. वाटनं, आज सांगशी.”

झुलाल ओसरीवरून उठून दाराशी आला. भुयारी रेल्वेची सगळी स्टेशने देवचंदला तोंडपाठ होती. या क्षणी एकही सापडले नाही.

रुक्माबाईंची मूठ सुपावर तशीच थांबली होती. बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे निसटले.

“पोऱ्या शे का पोर, मले माहीत नही,” त्या म्हणाल्या. “पन मूठ ते भरेल शे. नाव सांग.”